वळवाचा पाऊस आणि वेधशाळेचा अंदाज

‘मध्य महाराष्ट्रांत तुरळक ठिकाणीं मेघगर्जनेसह पाऊस पडण्याची आणि ताशीं ३० ते ४० किलोमीटर वेगानें सोसाट्याचा वारा वाहण्याची शक्यता आहे.’ चैत्र सरून वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं अशा अर्थाचें एखादें वाक्य पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतून ऐकूं येऊं लागतें. कोणी तें रेडिओवर ऐकतो, कोणी वर्तमानपत्रांत वाचतो, कोणाच्या हातांतील मोबाईलवर तें पिवळ्या रंगांत झळकतें. ऐकणारा खिडकीबाहेर नजर टाकतो. आकाश निरभ्र, ऊन रणरणतें, झाडाचें पान हालत नाहीं. वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे आज ऊन निश्चित, हा पुण्याच्या पंचक्रोशींत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला विनोद तो पुनः एकदां करतो आणि छत्री न घेतां पाळीवर जातो.

विनोद जुना आहे आणि त्याला हंसण्यास हरकत नाहीं. परंतु ज्या वाक्यावर तो केला जातो तें वाक्य मात्र फार तोलून-मापून लिहिलेलें असतें, आणि तें कसें वाचावें हें ठाऊक नसल्यामुळेंच पुष्कळदा तें खोटें ठरल्यासारखें वाटतें. त्यांतील प्रत्येक शब्दास ठराविक अर्थ आहे. ‘मध्य महाराष्ट्र’ म्हणजे महाराष्ट्राचा ढोबळ मधला भाग नव्हे. हवामानखात्यानें देशाचे ३६ पर्जन्यविभाग केले आहेत, त्यांपैकीं हा एक. त्यांत नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे दहा जिल्हे येतात. ‘तुरळक ठिकाणीं’ याचा अर्थ थोडासा पाऊस असा नाहीं. विभागांतील पर्जन्यमापक केंद्रांपैकीं फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, एवढेंच तो शब्द सांगतो. चतुर्थांशाहून अधिक, परंतु निम्म्यापर्यंत केंद्रें असतील तर ‘कांहीं ठिकाणीं’. त्यापुढें तीन-चतुर्थांशापर्यंत ‘बऱ्याच ठिकाणीं’. आणि त्याहीपलीकडे ‘बहुतेक सर्व ठिकाणीं’. पाऊस किती पडेल याचे शब्द निराळे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढें पडला तर तो ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढें ‘अतिजोरदार’. म्हणजे मोशीस गारांचा खच पडावा आणि चार कोसांवरील निगडीस रस्त्यावरची धूळदेखील भिजूं नये, असें झालें तरी ‘तुरळक ठिकाणीं’ हा अंदाज अक्षरशः खरा ठरलेला असतो. निगडीकर मात्र वेधशाळेस हंसतो आणि मोशीकर इशारा पुरेसा दिला नाहीं म्हणून रागावतो.

रंगांचेंही तसेंच आहे. हिरवा रंग म्हणजे चिंता नको. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. पिवळ्या रंगाची बातमी वाचून घरीं बसून राहण्याचें कारण नाहीं. परंतु त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरानंतर अधूनमधून आकाशाकडे पाहावें, इतकी अपेक्षा त्यांत निश्चित आहे.

हा अंदाज पिंपरीच्या माणसास विशेष अवघड वाटतो, याचें एक कारण त्याच्या गांवाच्या जागेंत आहे. पुणें जिल्ह्याच्या पश्चिम टोकास लोणावळें. तेथें वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांच्याही वर पाऊस पडतो. पूर्वेस बारामती-इंदापूरकडे पाण्यासाठीं डोळे लावून बसणारा कोरडा मुलूख. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेवर सरासरीनें वर्षास सातशें मिलिमीटरांच्या थोडा वर पाऊस नोंदला जातो. म्हणजे लोणावळ्याहून सुमारें साठ किलोमीटर पूर्वेस आलें कीं पाऊस पांचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. या उतरत्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पवनेच्या कांठीं चिंचवड व पिंपरी, आणि इंद्रायणीच्या पलीकडे उत्तरेस चाकण वसलें आहे. ‘पुणें जिल्हा’ एवढेंच म्हटलें तर यांपैकीं कोणत्या पायरीविषयीं बोलणें चाललें आहे तें कळत नाहीं. म्हणूनच अलीकडे अंदाजांत ‘पुणें घाटमाथा’ असा निराळा उल्लेख असतो. तो ऐकून पिंपरीच्या माणसानें आपल्या दारांत पूर येणार असें समजूं नये. पवना धरणाच्या वरच्या अंगास काय होणार आहे तें त्यावरून समजावें.

हें झालें पावसाळ्यापुरतें. वळवाचा न्याय निराळा. मृगानंतरचे ढग पश्चिमेकडून, समुद्रावरून, सह्याद्रीची भिंत चढून येतात आणि बहुतेक ओझें घाटावर उतरवून मग पिंपरीकडे वळतात. वळवाचे ढग पुष्कळदा उलट अंगानें, पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून चाल करून येतात. त्यांना घाटाचा उतरता जिना लागू नाहीं. लोणावळा कोरडा राहून चाकण धुऊन निघावें, हें एप्रिल-मे महिन्यांत सहज घडतें.

वळवाचा दिवस ओळखूं येतो. सकाळीं आकाश स्वच्छ असतें, पण हवेंत एक जडपणा असतो. कपडे वाळतात, अंगावरचा घाम मात्र वाळत नाहीं. दहा-अकराच्या सुमारास पिंजलेल्या कापसासारखे लहान-लहान ढग दिसूं लागतात. माध्यान्हीं त्यांपैकीं एखादा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वर फुगत जातो, त्याच्या कडा धारदार आणि पांढऱ्याशुभ्र असतात. तीनच्या पुढें त्याचा माथा पसरट होऊं लागतो, जणू लोहाराची ऐरणच आकाशांत ठेवली आहे, आणि तळ काळानिळा पडतो. वारा एकदम थांबतो. कावळे-चिमण्या गप्प होतात. आणि मग एकाएकीं धुळीचा लोट उठतो.

या सर्वांमागील यंत्रणा समजण्यास कठीण नाहीं. वैशाखांत जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापून हलकी होते व वर चढूं पाहते. केवळ उष्णतेनें काम भागत नाहीं. तसें असतें तर राजस्थानच्या वाळवंटांत रोज वीज कडाडली असती. ओलावा हवा. तो कधीं अरबी समुद्रावरून तर कधीं बंगालच्या उपसागरावरून येतो. उन्हाळ्यांत पुष्कळदा विदर्भापासून कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत, दक्षिणोत्तर, कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे वारे परस्परविरुद्ध दिशांनीं येऊन भिडतात आणि हवेला वर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाहीं. वर जातां जातां ती थंडावते, तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें, आणि पाणी होतांना सुटणारी उष्णता तिला आणखी वर रेटते. अशा रीतीनें ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन पोहोंचतो. तितक्या उंचीवर भर वैशाखांतही पाण्याचें बर्फच होतें. बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून ढगांत वीज सांठते. ज्या गारा मोठ्या होतात त्या वितळावयाच्या आंत जमिनीवर येऊन पडतात. गारपीट उन्हाळ्यांत होते आणि श्रावणांत होत नाहीं, या लहान मुलांच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. श्रावणांतले आपल्याकडील ढग बहुधा इतके उंच वाढतच नाहींत.

आतां मुख्य अडचण अशी कीं, हा सारा पसारा कांहीं थोड्या किलोमीटरांच्या रुंदीचा असतो आणि एकेका मेघाचें आयुष्य तासाभराचें. आधणाचें पाणी चुलीवर ठेवलें असतां तें उकळणार हें गृहिणीस निश्चित ठाऊक असतें. पण पहिला बुडबुडा तपेल्याच्या कोणत्या कडेस उठेल तें तिला विचारूं नये. वेधशाळेची स्थिति तीच. आदल्या दिवशीं ती सांगूं शकते तें एवढेंच कीं उद्यां हवेंत ओलावा आहे, उष्णता आहे, वारे भिडत आहेत, तेव्हां या विभागांत कोठें तरी वळीव उठेल. कोणत्या पेठेवर उठेल हें सांगणें आदल्या दिवशीं शक्य नसतें, आणि सांगितलें तर तें ज्योतिष होईल. पुण्यांत पाषाण येथील उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें सिद्ध केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही नवी गणितपद्धति २६ मे २०२५ रोजीं देशास अर्पण झाली. पूर्वीं जो हिशेब बारा किलोमीटरांच्या चौकटी आंखून होत असे, तो आतां सहा किलोमीटरांच्या चौकटींवर होतो. ही प्रगति लहान नव्हे. तरी चौकट सहा किलोमीटरांची आणि मेघ त्याहून लहान असा सामना असला कीं मेघ निसटतोच.

म्हणून वळवाच्या बाबतींत आदल्या दिवसाच्या अंदाजापेक्षां पुढील दोन-तीन तासांचा ‘तात्कालिक’ इशारा अधिक मोलाचा. ढग एकदां उठला कीं रडार त्याला पाहूं शकतें. विजेची ठिणगी पडली कीं तिच्या विद्युत्‌लहरी टिपणारे संवेदक ती कोठें पडली तें सांगतात. पाषाणच्याच संस्थेनें असें संवेदकांचें जाळें प्रथम महाराष्ट्रांत व नंतर देशभर विणलें. ‘दामिनी’ नांवाच्या मोबाईलवरील योजनेंत आपल्या जागेभोंवतीं वीस आणि चाळीस किलोमीटरांच्या वर्तुळांत नुकतीच वीज कोठें पडली तें दिसतें. ज्याच्या हातांत मोबाईल आहे त्याला ही सोय फुकट आहे. ती किती जण वापरतात, हा प्रश्न निराळा.

ज्या वेधशाळेवर एवढे विनोद होतात ती पुणेकरांच्या इतकी जवळ आहे हीही एक मौजच. हिंदुस्थान सरकारचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें. पुढें त्याचें मुख्य ठाणें सिमल्यास होतें. तें १९२८ सालीं पुण्यास, शिवाजीनगरच्या भव्य दगडी इमारतींत हलविण्यात आलें. सिमला गेलें, पण नांव राहिलें. त्या चौकास लोक अद्याप सिमला ऑफिस चौकच म्हणतात आणि बसचा वाहकही तेंच नांव पुकारतो. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारी शाखा १९३२ सालीं पुण्यासच निघाली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचीं वार्तापत्रें नभोवाणीवरून प्रसृत होऊं लागलीं. मुख्य कचेरी नंतर दिल्लीस गेली, तरी खात्याच्या पुष्कळ महत्त्वाच्या शाखा पुण्यांत राहिल्या. पाषाणची संस्था १९६२ ची. सारांश, देशाच्या हवामानशास्त्राचें मोठें भांडार पिंपरीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. दिव्याखालीं अंधार असावा तसेंच कांहींसें हें झालें आहे.

आणि हा अंधार नेहमींच विनोदापुरता राहत नाहीं. १७ एप्रिल २०२३ चा दिवस पिंपरी-चिंचवडास विसरतां येण्यासारखा नाहीं. त्या सायंकाळीं रावेत-किवळे भागांत कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्गाच्या कडेस वादळी वारा सुटला व पाऊस आला. रस्त्यानें जाणाऱ्या कांहीं मंडळींनीं एका पंक्चर काढण्याच्या दुकानाशीं आसरा घेतला. शेजारींच जाहिरातीचा प्रचंड लोखंडी फलक होता, ज्यास सर्वत्र होर्डिंग म्हणतात तो. तो वाऱ्यानें उन्मळून त्यांच्यावर कोसळला. चार स्त्रिया व एक पुरुष अशीं पांच माणसें ठार झालीं. आणखी तिघें जखमी झालीं. तीं कोणी साहसी किंवा बेपर्वा माणसें नव्हतीं. पावसांत भिजूं नये म्हणून माणूस जें करतो तेंच त्यांनीं केलें होतें.

येथें वळवाचा असा एक स्वभाव ध्यानांत घ्यावयास पाहिजे कीं, जो वर्षानुवर्षे पाहूनही लोकांच्या ध्यानीं राहत नाहीं. वळवांत पाऊस मागून येतो, वारा आधीं येतो. ढगांतून पाऊस सुटला कीं त्याचे कांहीं थेंब वाटेंतच कोरड्या हवेंत विरतात. त्या विरण्यानें हवा गारठते, जड होते आणि धबधब्यासारखी खालीं कोसळते. जमिनीवर आपटून ती चारी दिशांना पसरते. हाच तो धुळीचा लोट, हाच तो पत्रे उडविणारा झंझावात. त्याच्यामागून गारवा येतो, आणि मातीचा वास दरवळूं लागतो तेव्हां लोक सुखावतात. परंतु पहिले टपोरे थेंब अंगावर पडतांच माणसें जेव्हां आसऱ्याकडे धांव घेतात, तीच नेमकी वाऱ्याच्या सर्वांत मोठ्या जोराची दहा-पंधरा मिनिटें असतात. डोळा पावसावर असतो आणि घाला वारा घालतो.

वाऱ्याच्या जोराचें गणितही फसवें आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. चाळीस फूट लांब व वीस फूट उंच अशा सपाट फलकावर ताशीं ३० किलोमीटरांचा वारा सरळ आपटला तर त्यावर सुमारें तीनशें ते साडेतीनशें किलोंचा भार येतो. तोच वारा ताशीं ६० किलोमीटरांचा झाला कीं भार सव्वा ते दीड टनांवर जातो. अंदाजांतील ‘३० ते ४०’ आणि ‘५० ते ६०’ या आंकड्यांत कानाला फारसा फरक जाणवत नाहीं. लोखंडी खांबास मात्र तो फार जाणवतो, आणि त्याचा पाया गंजलेला किंवा उथळ असेल तर तो फरक सहन होत नाहीं. किवळ्यानंतर वर्षभरानें, १३ मे २०२४ रोजीं, मुंबईस घाटकोपर येथें धुळीच्या वादळांत असाच एक महाकाय फलक पेट्रोलपंपावर पडला व १७ जणांचे प्राण गेले. फलक तपासणें, अनधिकृत सांगाडे उतरविणें हें काम ज्यांचें त्यांनीं केलेंच पाहिजे आणि तें वैशाखापूर्वीं केलें पाहिजे, माणसें दगावल्यानंतर नव्हे. परंतु तें पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या माणसानें काय करावें?

या औद्योगिक पट्ट्यांत हा प्रश्न इतर गांवांहून अधिक तीव्र आहे. १९५४ सालीं पिंपरीच्या माळावर पेनिसिलीनचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हां भोंवतीं शेतें होतीं. आज भोसरी, आकुर्डी, चिखलीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. सकाळची पाळी दुपारीं तीन-साडेतीनच्या सुमारास सुटते आणि कचेऱ्या सहाच्या सुमारास. वळवाची आवडती वेळही हीच, दुपारीं तीनपासून सायंकाळीं सात-आठपर्यंत. म्हणजे ज्या घटकेस सर्वांत अधिक माणसें दुचाकीवर, उघड्या रस्त्यावर असतात, त्याच घटकेस मेघ पिकलेला असतो. मग नाशिक फाट्याच्या व भोसरीच्या पुलाखालीं दुचाक्यांची गर्दी होते. मागून येणाऱ्या ट्रकास वाट उरत नाहीं. कोणी झाडाखालीं उभा राहतो, कोणी चहाच्या टपरीच्या पत्र्याखालीं, कोणी फलकाच्या आडोशास. यांपैकीं एकही जागा चांगली नाहीं. पक्क्या इमारतीचा जिना, बंद दुकान, कारखान्याच्या दारावरची पहारेकऱ्याची पक्की खोली, पत्र्याचें छत व बंद कांचा असलेली मोटार किंवा बस, या जागा चांगल्या. त्या जवळ नसतील तर मागें फिरून पाळीच्या जागींच अर्धा तास थांबणें बरें. वळीव हा पाहुणा फार वेळ बसणारा नाहीं. अर्ध्या-पाऊण तासांत तो बहुधा निघून जातो.

विजेविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण तिच्याविषयींच्या चुकीच्या समजुती सर्वांत अधिक आहेत. राष्ट्रीय गुन्हे-नोंद विभागाच्या आंकडेवारीप्रमाणें २०२२ सालीं देशांत वीज पडून २,८८७ माणसें मृत्यु पावलीं. नैसर्गिक आपत्तींनीं झालेल्या मृत्यूंपैकीं हा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा आहे. पूर, थंडी, उष्माघात, भूस्खलन, यांपैकीं एकानेंही त्या वर्षीं इतके बळी घेतले नाहींत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत मनांत सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर चालतो. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट आला, तर मेघ दहा किलोमीटरांच्या आंत आहे आणि त्याची पुढची ठिणगी आपल्या डोक्यावर पडूं शकते, मग तेथें पाऊस पडत असो वा नसो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊं द्यावा, मगच मोकळ्यावर यावें. एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये. झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून शेजारच्या माणसाकडे उडी घेते. तारेच्या कुंपणापासून, पाण्यानें भरलेल्या शेतापासून दूर असावें. उघड्या माळावर सांपडलें तर पाय जुळवून उकिडवें बसावें, आडवें पडूं नये. दुचाकीवरील रबरी टायर रक्षण करतात ही समजूत निराधार आहे. जी वीज आकाशांतून किलोमीटरभर हवा फोडून येते तिला बोटभर रबराचें काय?

आणखी एक समजूत घातक आहे. वीज पडलेल्या माणसास शिवूं नये, त्याच्या अंगांत वीज असते, असें खेड्यांत अजून म्हणतात. तें खरें नाहीं. वीज क्षणार्धांत जमिनींत निघून जाते. त्या माणसाच्या अंगांत कांहीं उरत नाहीं. त्याचें हृदय किंवा श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देऊन तो पुनः चालू करण्याचा प्रयत्न तत्काळ केला पाहिजे. न शिवण्याच्या भीतीनें वांचूं शकणारा माणूस जातो.

कारखान्यांच्या रांगेपलीकडे शेती आहेच, आणि तिच्या दृष्टीनें हा पाऊस दुतोंडी आहे. चाकणच्या बाजारांत खेड तालुक्याचा कांदा-बटाटा येतो. उन्हाळी कांदा काढून शेतांत वाळत पडलेला असतां वळीव आला तर तो भिजतो, आणि भिजलेला कांदा चाळींत टिकत नाहीं, आंतून सडतो. तीन तासांचा इशारा येथें रोख पैशासारखा उपयोगी पडतो. तेवढ्या वेळांत ढीग झांकतां येतो, पिकाचे पैसे वांचतात. मावळांत तळेगांवच्या बाजूस हरितगृहांतून गुलाब पिकवितात. त्यांना पावसाचें भय नाहीं, पण वाऱ्यानें प्लास्टिकचें छत फाटलें कीं हजारोंचा भुर्दंड बसतो. तोच वळीव मावळच्या भातकऱ्यास हवासा असतो. दोन सरी पडल्या कीं ढेंकळें फुटतात, रोपांची जागा तयार करतां येते. एकाच सायंकाळीं, एकाच ढगाखालीं, एकानें देवाचे आभार मानावेत आणि दुसऱ्यानें कपाळास हात लावावा, असें हें आहे.

जुनीं माणसें हा सगळा हिशेब नक्षत्रांवर ठेवीत आणि अजूनही ठेवतात. मेच्या चोविसाव्या-पंचविसाव्या तारखेस सूर्य रोहिणींत जातो, जूनच्या सात-आठ तारखेस मृगांत. पंचांगांत प्रत्येक नक्षत्राचें वाहन दिलेलें असतें, बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा. त्यावरून पावसाचा अदमास घेतात. बेडूक-म्हशीच्या वर्षीं पाऊस बरा, अशी समजूत. त्या वाहनांस शास्त्राचा आधार नाहीं हें स्पष्ट सांगावयास पाहिजे. परंतु नक्षत्रांचें कालमापन तेवढें टाकाऊ नाहीं. रोहिणींत वळीव आणि मृगांत पावसाळ्याची सुरुवात, ही मांडणी कोणा अनुभवी डोळ्यानेंच केलेली आहे. पुण्यास मोसमी पाऊस पोहोंचण्याची हवामानखात्याची सरासरी तारीख १० जून, म्हणजे मृगाच्या पहिल्या दिवसांतलीच आहे. सरासरी मात्र सरासरीच असते. २०२५ सालीं मोसमी वारे २४ मे रोजीं केरळास लागले आणि अवघ्या दोन दिवसांत, २६ मे रोजीं, मुंबई व पुणें या दोन्ही शहरांत येऊन ठेपले. मुंबईच्या नोंदींत इतकें लवकर आगमन पूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्या वर्षीं रोहिणी संपण्यापूर्वींच वळवाची पाळी संपली आणि कांदा झांकण्याची धांदल उडाली ती निराळीच.

मोसमी पाऊस एकदां स्थिरावला कीं वार्तापत्राची भाषाच पालटते. ‘मेघगर्जना’ आणि ‘सोसाट्याचा वारा’ हे शब्द मागें पडतात. ‘घाटमाथा’ पुढें येतो. पूर्वेच्या काळ्या ऐरणीऐवजीं पश्चिमेस लोहगड-विसापूरच्या माथ्यावर राखाडी धुकट पडदा दिसूं लागतो, आणि लोकांचें लक्ष विजेवरून निघून पवनेच्या पाण्याच्या पातळीवर जातें. तीन-साडेतीन महिने असेच जातात. मग सप्टेंबरच्या अखेरीस, मोसमी वारे मागें फिरूं लागले म्हणजे, ऊन पुनः चटका देऊं लागतें, दुपारीं पुनः फुलकोबीसारखे ढग पूर्वेस फुगतात, आणि हस्ताच्या पहिल्या सायंकाळीं ‘तुरळक ठिकाणीं मेघगर्जनेसह’ हें वाक्य वार्तापत्रांत परत येतें. त्या वेळीं सोयाबीन शेतांत काढणीस आलेलें असतें आणि गणपतीचे मांडव उतरवून नवरात्राच्या कमानी रस्तोरस्तीं उभ्या राहत असतात.